फेशियल, ब्लीच आणि गोरेपणाची क्रीम : चेहऱ्याच्या जिल्दीत नेमके काय होते?

निकाहच्या तारखा ठरल्या की धानोरा, चातगाव, मुरुमगाव या पट्ट्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. दुल्हनचे फेशियल इथल्याच आपाला घरी बोलावून करायचे की गडचिरोलीला न्यायचे? ब्लीच किती दिवस आधी? बहिणींचे काय, वालिदांचे काय? इथपर्यंत सगळे ठीक आहे, लग्नघरात हौस नको तर कुठे हवी! पण याच दिवसांत एक छोटी डबीसुद्धा हातोहात फिरते. तिच्यावर धड लेबल नसते, बनवणाऱ्याचा पत्ता नसतो, आणि सोबत एक वचन मात्र पक्के असते : सात दिवसांत रंग उजळणार.

पार्लरमध्ये जे होते ते आणि या डबीत जे असते ते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळायला कातडीची रचना थोडी माहीत हवी. तिथूनच सुरुवात करू.

जिल्द : बाहेरची आणि आतली

उर्दूत कातडीला जिल्द म्हणतात आणि पुस्तकाच्या बांधणीलाही जिल्दच म्हणतात. शब्द मोठा समर्पक आहे, कारण काम तेच : आतले सांभाळायचे, बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही. सहावीच्या विज्ञानात अस्थिसंस्थेबरोबर त्वचेचाही धडा आहे. मुलींना तो पाठ असतो, पण पार्लरच्या खुर्चीत बसल्यावर कोणालाच आठवत नाही, ही आमची जुनी तक्रार.

मोठ्या माणसाच्या अंगावरची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचे मुख्य दोन थर. वरचा बाह्यत्वचेचा, खालचा अंतस्त्वचेचा, आणि त्याखाली चरबीची गादी. बाह्यत्वचा फार पातळ असते. पापणीवर ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी, तळहात-तळपायावर साधारण दीड मिलिमीटर. म्हणून जी क्रीम हाताला काही करत नाही तीच डोळ्यांखाली आग लावते.

बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, वाटेत त्यांच्यात केराटिन नावाचे कडक प्रथिन भरते, आणि वर पोहोचेपर्यंत त्या मेलेल्या असतात. या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात, वय वाढले की आणखी वेळ. म्हणजे आरशात आपण जो चेहरा बघतो त्याचा सर्वांत वरचा पापुद्रा मृत पेशींचा आहे. विटांच्या भिंतीसारखी रचना समजा : पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला तेलकट चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले. हा चुना शाबूत असेल तर ओलावा आत टिकतो, जंतू बाहेर राहतात. रोज घासून, साबण लावून तो उडवला की चेहरा ताणल्यासारखा वाटतो, खाजतो.

आता रंगाचे. बाह्यत्वचेच्या तळाच्या ओळीतच अधूनमधून मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात. एक रंगपेशी आपल्या भोवतीच्या साधारण छत्तीस पेशींना मेलॅनिनचे कण पुरवते. ते कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्याला वाचवतात. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की या रंगपेशींची संख्या काश्मिरी माणसात, आपल्या भागातल्या गोंड-माडिया माणसात आणि आफ्रिकेतल्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांच्या आकाराचा, प्रमाणाचा आणि मांडणीचा. आणि ती मांडणी आईबापांकडून आलेली असते.

अंतस्त्वचेत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, केसांची मुळे आणि कोलॅजनचे धागे असतात. चेहऱ्यावर तेलग्रंथी फार दाट असतात, एका चौरस सेंटिमीटरला चारशे ते नऊशे. नाक आणि कपाळ चमकते ते त्यामुळे, आणि वयात येताना मुरुमे तिथेच का येतात त्याचेही उत्तर हेच.

फेशियलने काय होते

साधे फेशियल म्हणजे ओळीने केलेली पाच-सहा कामे : चेहरा साफ करणे, स्क्रब, वाफ, काळे दाणे काढणे, मालिश, शेवटी पॅक. चांगल्या हाताने केले तर तास-पाऊण तास लागतो.

स्क्रबने वरच्या मृत पेशींचा थोडा थर निघतो. त्यामुळे प्रकाश सारखा परावर्तित होतो आणि चेहरा तुकतुकीत दिसतो. वाफेने तेल मऊ पडते. "वाफेने मसाम उघडतात आणि बर्फाने बंद होतात" हे प्रत्येक पार्लरमध्ये ऐकू येते, पण मसामांना, म्हणजे रंध्रांना, उघडझाप करायला स्नायूच नसतो. ती दारे नाहीत, नळ्या आहेत. काळे दाणेसुद्धा मळाचे नसतात. तेल आणि मृत पेशींचा बूच हवेला लागून काळा पडतो, एवढेच. म्हणून घासून घासून ते जात नाहीत.

मालिशने अंतस्त्वचेतले रक्ताभिसरण काही वेळ वाढते, थकवा उतरतो, चेहऱ्यावर लाली येते. ही लाली खरी असते, पण काही तासांची. पॅकने ओलावा किंवा थंडावा मिळतो. गोल्ड, डायमंड, पर्ल अशा नावांचे फेशियल महाग असते, पण सोन्याचा वर्ख कातडीत उतरून काही काम करत नाही. कोलॅजनच्या क्रीमचेही तसेच : कोलॅजनचा रेणू एवढा मोठा असतो की वरच्या भिंतीतून तो आत शिरूच शकत नाही. तो वर बसून ओलावा धरतो, आणि तेवढे काम साधी ग्लिसरिनची क्रीमही करते.

थोडक्यात, फेशियलचे काम वरच्या पापुद्र्यावर चालते आणि तेवढ्यापुरते ते छान आहे. रंग ठरतो तळाच्या ओळीत. तिथे फेशियलचा हात पोहोचत नाही, आणि पोहोचूही नये.

ब्लीचबद्दल मात्र जरा जास्त बोलायला हवे. बाजारातल्या बहुतेक ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असते आणि त्याला जोर यावा म्हणून अमोनियासारखा क्षार. त्याने चेहऱ्यावरची लव सोनेरी होते, म्हणून चेहरा उजळ वाटतो. कातडी गोरी होत नाही. जास्त वेळ ठेवले, किंवा आदल्याच दिवशी थ्रेडिंग-वॅक्सिंग झालेल्या जागी लावले, तर भाजते. गहूवर्णी आणि सावळ्या कातडीचा एक स्वभाव आहे : तिला जखम झाली, भाजले, नुसती सूज जरी आली, तरी रंगपेशी चिडतात आणि त्या जागी काळा डाग ठेवून जातात. तो डाग जायला महिने लागतात. गोरे व्हायला लावलेल्या ब्लीचने काळे डाग पडतात ते असे. ब्लीच करायचेच असेल तर दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून बघावे, पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नये, आणि निकाहच्या आदल्या दिवशी कोणताही नवा प्रयोग करू नये.

केमिकल पील हे त्याहून पुढचे पाऊल. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक अशी आम्ले लावून वरचा थर ठरवून काढला जातो. मुरुमे, वांग यांवर त्याचा उपयोग होतो, पण तो त्वचारोगतज्ज्ञाचा विषय आहे. आम्लाची टक्केवारी, ते किती तीव्र आहे आणि किती सेकंद ठेवले यावर सगळे ठरते. आम्लाची बाटली ऑनलाइन मागवून व्हिडिओ बघत चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली आहेत, म्हणून सांगावे लागते.

सुयांचा रोलर फिरवणे आणि स्वतःच्याच रक्तातला भाग काढून चेहऱ्यावर लावणे, ज्याला लोक व्हॅम्पायर फेशियल म्हणतात, हेही आता मोठ्या शहरांतून आपल्याकडे सरकते आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका बिनपरवाना स्पामध्ये असे फेशियल घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. स्पा २०१८ मध्ये बंद झाला आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल छापला. सुई कातडीच्या भिंतीपलीकडे गेली की ते सौंदर्यकाम राहत नाही, वैद्यकीय काम होते.

साध्या पार्लरमध्येही हा मुद्दा लागू पडतो. काळे दाणे काढायची लोखंडी काडी, वॅक्सचा चमचा, टॉवेल, दातात धरलेला थ्रेडिंगचा दोरा : एकीच्या चेहऱ्यावरून दुसरीच्या चेहऱ्यावर मस आणि दाद सहज जातात, आणि रक्त निघाले तर धोका आणखी वाढतो. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस टिकतो. नुसते पाण्यात डेटॉल टाकून भागत नाही. प्रत्येकीला नवा दोरा, धुतलेला टॉवेल, उकळलेली किंवा एकदाच वापरायची हत्यारे, हे मागायला लाजू नये. चांगली पार्लरवाली त्याचा राग धरत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यात स्वच्छता आणि त्वचेची रचना दोन्ही शिकवतात. आपल्या मुलींना हा धंदा करायचा असेल तर सात दिवसांच्या शिबिरापेक्षा तो बरा.

नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात पू झालेला फोड कधी दाबू नये. तिथल्या शिरा डोळ्यांमागून मेंदूलगतच्या शिरांना मिळतात. संसर्ग आत जाण्याचे प्रसंग विरळ आहेत, पण घडतात तेव्हा जिवावर बेततात.

भुवया कोरण्याबद्दल अनेकजणी विचारतात की शरीअतच्या दृष्टीने चालते का. हदीसमध्ये त्याला मनाई आली आहे आणि तपशिलात उलेमांची मते आहेत. तो प्रश्न आलिमांना विचारावा, आम्ही इथे फक्त कातडीचे सांगतो आहोत.

सात दिवसांत फरक कशाने पडतो?

रंग तळाच्या ओळीत ठरतो आणि तिथल्या पेशीला वर यायला चार आठवडे लागतात. मग एखादी क्रीम सातव्या दिवशी चेहरा उजळवत असेल तर तिच्यात काय असू शकते? बहुतेक वेळा दोनच गोष्टी : स्टेरॉइड किंवा पारा.

स्टेरॉइडची मलमे औषध म्हणून उत्तम आहेत. खरूज-गजकर्णात नव्हे, पण इसबासारख्या आजारात डॉक्टर ती ठरावीक दिवस देतात. चेहऱ्यावर लावली की रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली जाते, रंगही फिका पडतो. म्हणून पहिले पंधरा दिवस सगळे खूश. नंतर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, उन्हात उभे राहवत नाही. क्रीम सोडली की आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. या अवस्थेला भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळे नाव दिले आहे, स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा. त्यांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही मेडिकलमध्ये "दादची ट्यूब" म्हणून मागितले की ती मिळते. दादवर स्टेरॉइड लावले की खाज थांबते आणि बुरशी मात्र आणखी पसरते. ज्या भगिनी महिनोन्महिने अशी ट्यूब चेहऱ्याला लावत आहेत त्यांनी घाबरू नये, पण मनानेच एकदम बंदही करू नये. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने सोडवतात.

पाऱ्याचा मामला याहून गंभीर. मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला तांबे लागते, आणि पारा त्या तांब्याची जागा घेऊन काम थांबवतो. रंग खरोखर उतरतो. पण पारा तिथे थांबत नाही. तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. त्याची वाफ होते, म्हणून त्याच घरात झोपणाऱ्या लहान मुलांच्या अंगातही तो जाऊ शकतो.

हे दूरचे उदाहरण नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच विदर्भातल्या अकोल्याची बातमी आली. जैवतंत्रज्ञान शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि मोठी बहीण, तिघींची मूत्रपिंडे आजारी पडली. एकाच घरातल्या तिघी, म्हणून डॉक्टरांना शंका आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा धागा त्या तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत गेला, आणि क्रीममध्ये पारा सापडला. त्याच सुमारास केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे बावीस रुग्ण तपासले. त्यांपैकी पंधरा जणांमध्ये आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरेपणाची क्रीम लावत होते. दिलासा एवढाच की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे प्रसाधनात पारा मिसळायला बंदी आहे. डोळ्यांभोवतीची काही प्रसाधने सोडली तर नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून आपल्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच आणि तारीख आहे का, बघा. बाहेरदेशातून कोणी भेट म्हणून आणली असेल तर आयात नोंदणी क्रमांक बघा. यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल असा शब्द दिसला, किंवा यादीच नसली, तर ती लावू नका. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, अचानक वाढलेला रक्तदाब, ही चिन्हे दिसली तर डॉक्टरांना आजार सांगतानाच क्रीमचेही सांगा. बायका ते लपवतात, आणि तपास भलतीकडे जातो.

आपल्या जंगलातले, आपल्या स्वयंपाकघरातले

"आम्ही केमिकल वापरत नाही, सगळे नॅचरल" असेही म्हणतात. त्यांना आम्ही बिब्ब्याचे झाड दाखवू. बिब्बा अगदी नैसर्गिक आहे, आपल्याच जंगलातला आहे, आणि त्याचे तेल कातडीला लागले तर फोड येऊन काळा व्रण राहतो. लिंबूही तसेच : त्याचा रस फार आम्लधर्मी, आणि त्यातली काही द्रव्ये उन्हात कातडी भाजतात. लिंबू लावून अंगणात बसणे म्हणजे डाग ओढवून घेणे. बेसन, चारोळी वाटून दूध घातलेले उटणे, मुलतानी माती, थोडी हळद, हे सोसणाऱ्यांना चालते. त्याने रंग बदलत नाही, कातडी मऊ होते. कोरड्या चेहऱ्याला मुलतानी माती नको.

उन्हाचे सांगायलाच हवे. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका तेव्हाच. गालांवरचा वांग, ज्याला उर्दूत झाइयाँ म्हणतात, बाळंतपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी उमटतो, उन्हाने आणि चुलीच्या धगीने गडद होतो. त्यावर हजाराचे फेशियल करून दुसऱ्या दिवशी उघड्या चेहऱ्याने शेतात गेले तर पैसे पाण्यात. ओढणी, रुंद काठाची टोपी, आणि परवडत असेल तर तीस किंवा वर एसपीएफचे सनस्क्रीन, दोन बोटांवर मावेल एवढे. आम्हाला विचाराल तर फेशियलच्या पैशातून आधी ते घ्यावे.

पार्लरमध्ये न झाकण्यासारखे डाग

गडचिरोली आणि चंद्रपूर हे कुष्ठरोगाचे रुग्ण अजूनही सापडणारे जिल्हे आहेत. बाबा आमटेंचे आनंदवन वरोऱ्याला उगीच उभे राहिले नाही. म्हणून आपल्या भागात चेहऱ्यावरचा प्रत्येक फिका चट्टा म्हणजे "कॅल्शियमची कमी" किंवा "जंत" समजून त्यावर फेशियल करू नये. अंगावरचा चट्टा फिका किंवा तांबूस असेल, खाजत नसेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो दाखवावा. चेहऱ्याबाबत एक बारकावा आहे : तिथे मज्जातंतू दाट असल्याने सुरुवातीला संवेदना शाबूतही राहू शकते. कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होणे, चेहरा विनाकारण तेलकट चकाकणे, ही चिन्हेही आहेत. थ्रेडिंग करणाऱ्या आपांच्या हाताखालून रोज किती भुवया जातात! विरळ भुवई पेन्सिलने भरून देण्याआधी त्यांनी हळूच एक शब्द सांगितला तर मोठे काम होईल.

आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा धानोऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, कुठेही तपासणी होते आणि औषध सरकारकडून फुकट मिळते. आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष ते घ्यावे लागते. उपचार सुरू झाला की संसर्ग पसरणे लवकर थांबते, त्यामुळे रिश्ता मोडेल या भीतीने लपवण्यात काही अर्थ नाही. लपवले तर हातापायाचे मज्जातंतू जातात, आणि ते परत येत नाहीत.

तसेच बरी न होणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, आणि अचानक आलेली दाढीसारखी लव व सोबत पाळीचा गोंधळ, यांनाही पार्लर नव्हे, डॉक्टर.

घरात बिनलेबलची क्रीम सापडली तर ती चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, पारा असेल तर त्याची वाफ सगळ्यांच्या नाकात जाईल. झाकण घट्ट लावून डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, मुलांपासून दूर ठेवा आणि तपासायला जाल तेव्हा सोबत न्या. तक्रार करायची असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. कोणाकडून घेतली, कधी घेतली आणि किती रुपयांना, एवढे कागदावर लिहून ठेवले की पुरे.